गप्प बसायचा तास

हे लिहायला मला पाच महिने लागले. आधी हातात ताकद नव्हती, ती आली तेव्हा लिहिण्यात मन नव्हतं. अजूनही चार-पाच ओळी झाल्या की वही मिटते. पण कुणाला पुढच्या आठवड्यात पेट स्कॅनसाठी बोलावलं असेल आणि तिथे काय होतं हे नीट सांगणारं कुणी भेटलं नसेल, तर त्याच्या हाती हे पडावं एवढ्यासाठी लिहिते आहे.

मी मंचरला राहते. आमच्या घराची कांदा-बटाट्याची आडत आहे. ती आता मुलगा अभय बघतो. मी दुकानात कधी बसले नाही. राजुरीच्या शाळेत मराठी शिकवत होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. यजमान मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून रोज सकाळी सामायिकात बसते, म्हणजे पांढरं आसन अंथरून, अठ्ठेचाळीस मिनिटं, न हलता. त्या वेळात त्यांच्यासाठी एक मोठं स्तोत्र म्हणते. आमच्या जैन घरांत हे नवं नाही. माझ्या बाबतीत एवढंच, की दिवसात मोठ्याने बोलायचं असं दुसरं काही उरलं नव्हतं.

दाढेचं टोक

उजवीकडची एक दाढ तुटली होती. तिचं टोक जिभेच्या कडेला लागायचं. तिथे फोड आला, गेला, परत आला. पित्त झालं म्हणून मी गोळ्या घेतल्या, तूप लावलं. दोन महिने असेच काढले. एके दिवशी सून स्नेहल जेवताना माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही एकाच बाजूने का चावता?"

मंचरच्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ घासली, पंधरा दिवस वाट पाहिली, मग फोडाचा तुकडा काढून तपासायला मला पुण्याला पाठवलं. शेजारच्या बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "भाभी, तुम्ही तंबाखू खात होता होय? कधी दिसलं नाही हो!" मी हसले. आधी तो प्रश्न फार लागला होता, नंतर सवय झाली. पुण्याच्या दवाखान्यात प्रत्येक नव्या कागदावर तोच प्रश्न होता.

कॅन्सर हा शब्द सर्जननी उच्चारला तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर वाचत होते. त्याच्यावर मागचाच महिना होता, कुणी पान उलटलं नव्हतं. अभय काहीतरी विचारत होता, त्याचा आवाज चिरकत होता. मला वाटलं, मी उठून ते पान उलटावं.

"जिभेची कड काढायची," सर्जन म्हणाले. "बोलणं थोडं बदलेल. पण बोलाल. आधी पेट स्कॅन करू. आजार कुठे आहे, कुठे नाही, त्याचा नकाशा मिळतो. त्यावरून कापायचं किती, ते ठरवता येतं."

खाली गाडीपाशी आल्यावर अभय बोनेटवर डोकं टेकून रडला. चाळिशी ओलांडलेला मुलगा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला रडू येत नव्हतं, नुसते पाय दुखत होते.

पहिला तास

पेट स्कॅनच्या आधी सहा तास उपाशी राहायचं, पाणी मात्र भरपूर प्यायचं, असं कागदावर लिहिलं होतं. उपाशी राहणं आम्हांला अवघड नाही. पाणी अवघड होतं. चातुर्मास सुरू होता आणि मी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. सकाळी घ्यायचं तेही सूर्य वर आल्यावर ठरावीक वेळाने. पहाटे आम्ही निघालो, चाकणला नेहमीसारखे गाड्यांच्या रांगेत अडकलो. अभय एका हातात बाटली धरून आकाशाकडे बघत होता.

"आई, सूर्य आला बघ. ढगात आहे, पण आहे."

"वेळ झाली नाही अजून."

"आपण इथून हलेपर्यंत दुपारच व्हायची. पी आता."

सात वाजायला आले तेव्हा मी प्यायले. तरी दवाखान्यात शीर सापडेना. तिसऱ्यांदा टोचल्यावर सापडली.

जे टोचतात ती एक प्रकारची साखरच असते, किरणं सोडणारी. शरीरात जे जास्त राबतं ते ती साखर जास्त खातं. कॅन्सरच्या पेशी भुकेल्या असतात, म्हणून त्या फोटोत उजळून दिसतात. टोचल्यावर साखर सगळीकडे पोचायला तास लागतो. तो तास तुम्हाला एका खुर्चीवर रेलून काढायचा असतो. तिथल्या मुलीने मला सांगितलं, "आजी, हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल नाही. डोळे मिटून पडा."

बाहेर थांबलेलो असताना एका बाईंची ओळख झाली होती. अनुसयाबाई, तळेघरच्याही वरच्या एका वाडीवरच्या. छातीत गाठ होती. दिरासोबत आल्या होत्या आणि इतक्या थकलेल्या होत्या की बसल्या बसल्या कलंडत होत्या. त्यांची खुर्ची माझ्या शेजारी, मध्ये पडदा.

मी डोळे मिटले. तास म्हणजे सामायिकापेक्षा थोडा जास्त. खोली थंड, स्वच्छ, कुणी हाक मारणार नाही. त्या दिवशी घरून लवकर निघाल्यामुळे माझं स्तोत्र राहिलंच होतं. मला वाटलं, ही वेळ मिळाली ते बरं झालं. मी स्तोत्र म्हटलं. संपलं तेव्हा वेळ उरला होता म्हणून परत सुरू केलं. ओठ फारसे हलत नव्हते. मोठ्याने नाही, पण नुसतं मनातही नाही. त्याला चाल आहे, आणि चाल गळ्यात धरल्याशिवाय मला ते म्हणता येत नाही.

त्या आजारपणातला तो एकच तास मला बरा गेला होता.

रिपोर्ट

चार दिवसांनी सर्जननी पडद्यावर चित्र दाखवलं. जिभेच्या कडेला ठिणगीसारखा ठिपका. तो असणारच होता. मान स्वच्छ. पण खाली, स्वरयंत्रापाशी, दोन्ही बाजूंना उजेड होता. उजवीकडे जास्त.

"हे मला अपेक्षित नव्हतं," ते म्हणाले. "टोचल्यानंतर तुम्ही बोललात का? फोनवर? कुणाशी गप्पा?"

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नाही बोलले."

मी खोटं बोलत नव्हते. हे आता लिहितानाही मला परत परत तपासून बघावं लागतं, पण नव्हते. मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते.

त्यांनी नाकातून दुर्बीण घालून पाहिलं. वरून काही दिसत नव्हतं. "आत स्नायूत असेल तर वरून दिसणार नाही. भूल देऊन तिथला तुकडा काढावा लागेल. त्यात काही निघालं तर ऑपरेशन वेगळं होईल." वेगळं म्हणजे काय, हे अभयने विचारलं. ते म्हणाले, "स्वरयंत्र वाचवायचा प्रयत्न करू. शब्द देत नाही."

घरी

घरी आठवडाभर कुणी कुणाशी नीट बोललं नाही. अभय दुकानातून उशिरा येई. मी पहाटे आसनावर बसे आणि स्तोत्र सुरू करी, आणि प्रत्येक ओळीला वाटे, ही आता मोजूनच म्हणायची राहिली. खरं सांगायचं तर मरणाची मला तेवढी भीती वाटली नाही. यजमान पुढे गेलेच होते. भीती वाटली ती उरायची, आवाज नसताना उरायची.

एका दुपारी स्नेहल फोन घेऊन आली. "आई, काहीतरी वाचा ना. कुठलंही. मी रेकॉर्ड करते."

"कशाला?"

तिने फोन माझ्यासमोर धरून ठेवला.

"मी मेल्यावर ऐकायला?" मी म्हणाले. फार वाईट सुरात म्हणाले. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला हे मला कळत होतं. मी उठून जायला हवं होतं. उठले नाही. आजारी माणसाला सगळं माफ असतं असं सगळे धरून चालतात, आणि आजारी माणूसही.

अनुसयाबाई

तुकडा काढायच्या आदल्या दिवशी भुलेच्या तपासणीला बोलावलं होतं. दवाखान्याच्या लांब बाकावर बसले होते. कुणीतरी शेजारी येऊन टेकलं.

"बाई, तुमी व्हय! त्या पडद्यापल्याडच्या."

अनुसयाबाई. या वेळी जरा तरतरीत दिसत होत्या. मी विचारलं, काय झालं तुमचं.

"काय व्हनार! परत बोलिवलंय फोटूला. माजं समदं पायच पेटल्यालं दिसलं म्हनं. मांड्या, पोटऱ्या, खांदं, समदं. डाक्टर म्हनला, मावशी, आदल्या दिशी काय केलं? म्हनलं, भाताची आवनी. न्हाई लावलं तर रोपं जात्यात. आन पहाटं? म्हनलं, दोन तास चालून तळेघर गाठलं, तवा यष्टी. त्यानं कपाळाला हातच लावला. पायांनीच समदी साखर खाल्ली म्हनला. गाठीचा फोटू ऱ्हायला बाजूला!"

त्या खदखदून हसल्या. समोरची माणसं बघायला लागली.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं का, कष्टाचं काम करू नका म्हणून?"

"सांगितलं व्हतं की. पर आवनी काय कष्टाचं काम हाय व्हय? ती रोजचीच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी मातुर लई धीराच्या. म्या दिराला म्हनलं बी, एवढा आजार अन् बाई तासभर गात व्हती."

"मी? गात?"

"मग! बारीक बारीक, भुंग्यावानी. माजा तर त्यानंच डोळा लागला."

"ते... ते बोलणं नव्हतं, अनुसयाबाई."

"मग काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

त्यांना काही सुचवायचं नव्हतं. त्या नुसतं विचारत होत्या. मी उठले आणि अभयला शोधायला गेले.

सांगणं

अभयला सांगितलं तेव्हा तो आधी समजलाच नाही. मग समजलं.

"आई, त्यांनी तुला विचारलं होतं. माझ्यासमोर विचारलं होतं."

"बोललात का, असं विचारलं होतं."

"आणि दहा दिवस आम्ही..." एवढं म्हणून तो जिन्याकडे निघून गेला. थोड्या वेळाने परत आला तो पाण्याची बाटली घेऊन, आणि झाकण उघडून माझ्या हातात दिली. "चल," म्हणाला. "मी सांगत नाही. तूच सांग."

सर्जननी ऐकून चष्मा काढला. "किती वेळ म्हणत होता?"

"सगळा तास."

"आवाज काढून?"

"गळ्यात."

"बाई, तुम्ही शिक्षिका होतात ना?"

"हो."

"मग मुलांना परीक्षेत काय सांगायचात? प्रश्न नीट वाचा, हेच ना?"

मी मान खाली घातली. अठ्ठावीस वर्षं हेच सांगत होते. त्यांनी स्कॅनच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, पण ते हसले नाहीत. फोन ठेवून म्हणाले, "गळ्याचे स्नायू तासभर राबले, तर त्यांनीही साखर खाल्ली असेल. पण असेल. तिथे काही नाहीच, असं मी यावरून म्हणणार नाही. उद्याचा तुकडा थांबवू. परत स्कॅन. उजेड तसाच दिसला, तर तुकडा काढावाच लागेल."

म्हणजे आता सगळं एका तासावर होतं, आणि तो तास माझ्या हातात होता.

दुसरा तास

"आजी, आज मी दर दहा मिनिटांनी डोकावणार," ती मुलगी म्हणाली. "मागच्या वेळी मला वाटलं झोपलात तुम्ही. इतक्या शांत दिसत होता." बाहेर अभय म्हणाला होता, "आज मनातल्या मनातसुद्धा नको बरं का." त्याने हसवायचा प्रयत्न केला होता.

मनातल्या मनात म्हणून पाहायचं मी ठरवलं होतं. पहिल्या ओळीलाच जीभ टाळूकडे जायला लागली. गळाही सावरून बसला. वर्षभराच्या सवयीने त्याला ठाऊक होतं. मी थांबले. म्हणजे ओळ नको, चाल नको, काहीच नको.

असं काहीही न म्हणता मी यजमान गेल्यापासून कधी बसले नव्हते. घरात एकटी असले की स्तोत्र, नाहीतर माळ, नाहीतर झोप. आता समोर नुसता पडदा होता, हिरवा, एका कडेला शिवण उसवलेला.

मग ते आठवलं. ते आठवू नये म्हणूनच मी वर्षभर म्हणत होते, हे मला तिथे कळलं.

आमच्यात माणूस जायला लागला की त्याच्या कानाशी पाठ म्हणतात. शेवटचं कानावर पडावं ते तेच, अशी श्रद्धा. यजमानांचा श्वास लागला तेव्हा मी त्यांच्या उजव्या कानाशी बसले आणि मोठ्याने म्हणत राहिले, चुकू नये म्हणून डोळे मिटून. मध्येच त्यांनी हात उचलला. माझ्या मनगटावर ठेवला, थोडा दाबला. मला वाटलं, अजून म्हण असं सांगतायत. मी आणखी मोठ्याने म्हटलं. ते गेल्यावर अभय म्हणाला, "पप्पा काहीतरी बोलत होते गं. मला ऐकू आलं नाही." पायांशी उभा होता तो. त्याला ऐकू आलं नाही, कारण माझा आवाज चालू होता.

कदाचित पाणी मागत असतील. कदाचित थांब म्हणत असतील. दुसरं काही असेल.

डोळ्यांतून पाणी येत होतं. रडण्यानेही स्नायू हलतात का, हे मी विचारलं नव्हतं, म्हणून मी हुंदका येऊ दिला नाही. पाणी कानात जात होतं, तेही पुसलं नाही. ती मुलगी डोकावली. माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता माझ्या अंगावर पांघरूण ओढलं आणि गेली. तिला बोलायला बंदी नव्हती. तरी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सर्जननी चित्र लावलं. ठिणगी होती तिथे होती. खाली गळ्यात अंधार होता. अभयने विचारलं, "म्हणजे?" ते म्हणाले, "म्हणजे स्वच्छ." मी त्या अंधाराकडे बघत राहिले. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मला तिथेच आडवं होऊन झोपावंसं वाटत होतं.

नंतर

ऑपरेशन ठरलं तेवढंच झालं. जिभेची कड, आणि मानेत सगळ्यांच्याच असतात त्यांपैकी दोन बारीक गाठी. त्या दोनच का, तर त्याच सकाळी फोडाभोवती दुसरं एक औषध टोचलं होतं. ते जिभेतून निघून मानेतल्या ज्या गाठीत पहिल्यांदा जातं, आजार पसरला तर तोही आधी तिथेच जातो. सर्जनच्या हातात पेनसारखं एक यंत्र असतं, ते त्या गाठीपाशी वाजतं. वाजल्या त्या काढल्या, बाकी मान राहू दिली. दोन्ही स्वच्छ निघाल्या.

नाकात नळी होती. रात्री नऊला नळीतून दूध द्यायची वेळ झाली तेव्हा अभयने माझ्याकडे पाहिलं. मी पाटीवर लिहिलं, "चालेल." त्याच पाटीवर स्नेहलसाठी लिहिलं, "त्या दिवशी वाईट बोलले." तिने ते वाचून पदराने पुसून टाकलं आणि माझे ओठ ओल्या कापसाने टिपले. वॉर्डातल्या मावशींनी तिला ते शिकवलं होतं.

अनुसयाबाईंचं ऑपरेशन माझ्या आधी झालं असं कळलं. त्यांचा नंबर घ्यायचा राहिला. इथे मुद्दाम लिहिते, कारण त्यांनी विचारलं नसतं तर माझ्या गळ्यातून तुकडा निघाला असता. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: विचारतील तेव्हा सगळं सांगा. तुमच्या लेखी जे बोलणं नाही, काम नाही, तेही सांगा. ते काय आहे हे त्यांना ठरवू द्या.

नळी निघाली. बोलणं शिकवायला एक मुलगी येई, पंचविशीतली. जिभेचं टोक जिथे टेकतं ती अक्षरं अवघड, असं तिने सांगितलं. र, ल, त, न. आवाज आहे, पण शब्द चिखलातून चालल्यासारखे निघतात. फोनवर गॅसवाल्याने मला "आजोबा" म्हटलं.

"घरातली नावं घेऊ या," ती म्हणाली. "रोजच्या तोंडातली."

अभय सोपं गेलं. स्नेहल अर्धंच आलं.

"आणि मिस्टरांचं?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. आमच्या घरात बायका घेत नसत. शाळेच्या कागदांवर लिहायची, कुणी विचारलं तर मुलाकडून सांगवायची. ते गेल्यावर तरी कुणाजवळ घेणार होते?

"आजी?"

मी म्हटलं. रतनलाल. नेमकी तीच चारही अवघड अक्षरं त्यात होती. बाहेर जे आलं ते मलाही ओळखू आलं नाही.

ती वहीत बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, लक्ष देऊन, थोडी पुढे वाकून.

"ऐकू आलं नाही नीट," ती म्हणाली. "परत एकदा. सावकाश."

मी परत एकदा म्हटलं.